मागच्या चाकांवर वजन हवं

ज्या मुलखात माणसाने गोळेवाल्याच्या पेटीबाहेर कधी बर्फ पाहिला नाही, त्या मुलखात बर्फातून मोटार कशी चालवावी याचे धडे न मागता आणि फुकट देत बसलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ही गोष्ट चाकणची, पन्नास सालानंतरच्या काही वर्षांतली. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. चाचा काश्मीरच्या बर्फात लष्कराचा ट्रक चालवून, नोकरी संपवून गावी परतले होते आणि कांद्याच्या बाजाराला लागून त्यांनी मोटारदुरुस्तीची एक शेड टाकली होती. सारं गाव त्यांना बर्फवाले चाचा म्हणायचं. हे नाव ऐकून बाहेरगावचा एखादा पाहुणा भर वैशाखात त्यांच्या दारी पातेलं घेऊन उभा राहायचा. चाचा त्याला हसायचे नाहीत. त्याला खाटेवर बसवायचे, चहा पाजायचे आणि बर्फाचे प्रकार सांगायला लागायचे : ताजा पडलेला, दबून बसलेला, आणि वरून ओला दिसणारा पण खाली काच झालेला, तो सगळ्यांत हरामी. पाहुणा रिकामं पातेलं घेऊन परत जायचा तेव्हा बर्फात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये का उचलावी एवढं त्याला नक्की कळलेलं असायचं. घरी त्याच्याकडे दोन बैल असायचे.

त्यांची मोटार हे एक प्रकरणच होतं. आता तशा गाडीला पिकअप म्हणतात, तेव्हा तो शब्द आमच्याकडे पोचला नव्हता. लष्कराच्या लिलावात निघालेली एक थकलेली मोटार त्यांनी आणली, तिचा मागचा अर्धा भाग करवतीने कापून काढला आणि गावच्या सुताराकडून बाभळीच्या फळ्यांचा हौदा करून तिथे बसवला. सुताराने जन्मभर बैलगाड्याच केल्या होत्या, त्यामुळे हौद्याला आपसूक बैलगाडीचं वळण आलं, आणि हाताच्या सवयीने त्याने मागे कासरा बांधायला दोन खुंट्याही ठोकून दिल्या. चाचांनी त्या काढल्या नाहीत. खालचे स्प्रिंगचे पाटे ट्रकचे होते, डाव्या बाजूला दाराच्या जागी कुणाच्या तरी माडीवरची सागवानी खिडकी होती, कडीकोयंड्यासकट. आत बसलेल्या माणसाने कडी लावली की नाही हे चाचा निघण्यापूर्वी दोनदा विचारत. इंजिनाची सारी ताकद मागच्या दोन चाकांना. "मास्तर, पुढची दोन नुसती वाट दाखवतात," ते मला सांगायचे, "ढकलणारी मागची. मागच्यांना जमिनीशी धरून ठेवा, पुढची कुठे जातात?" शेडमध्ये एका खिळ्याला चाकांवर चढवायच्या लोखंडी साखळ्या टांगलेल्या असत. दर शुक्रवारी मशिदीतून आले की चाचा त्या खाली काढून मांडीवर घेत आणि एकेका कडीला तेल लावत. बाहेर रस्त्यावरचं डांबर उन्हाने मऊ झालेलं असायचं.

मागच्या चाकांना धरून ठेवायचं तर त्यांच्यावर वजन हवं, हे चाचांच्या शास्त्रातलं पहिलं आणि शेवटचं कलम. त्यासाठी हौद्यात वाळूची दोन पोती बारा महिने पडलेली असत. पण चाचांचं त्यावर समाधान नव्हतं. वाटेत कुणी हात केला तर ते गाडी थांबवत, माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि अंगावर मांस बघून बसवायचं की नाही ते ठरवत. बाजारातले एक कांद्याचे शेठ होते, देहाने असे की त्यांच्याकडे बघून दुकानाची खुर्ची कुरकुरायची. त्यांना चाचांच्या गाडीत जो मान होता तो कलेक्टरलाही मिळाला नसता. चाचा स्वतः हात देऊन त्यांना चढवत, बरोबर मागच्या आसावर बसवत आणि मग समाधानाने म्हणत, "आता गाडी गाडीसारखी वाटते." मी अंगाने काटकुळा. मला एकट्याला ते कधी मागे बसू देत नसत, मांडीवर एक फुटका पाटा घेऊन बसलो तरच. एकदा खेडकडच्या एका लग्नाला वऱ्हाड न्यायचं होतं, तेव्हा चाचांनी नवऱ्यामुलाला खाली उतरवून त्याच्या दोन मामांना आणि एका आत्याबाईंना वर घेतलं आणि नवरदेव दुसऱ्या खेपेला नेला. मुहूर्त टळता टळता राहिला. मुलीकडचे रागावले, तर चाचा शांतपणे म्हणाले, "त्याला पहिल्या खेपेत आणला असता तर गाडी हलकी झाली असती. घसरली असती म्हणजे?" ते दिवस भर उन्हाळ्याचे होते आणि घसरायला वाटेत शेणाचा पोदेखील नव्हता, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

ब्रेकचं त्यांना मनापासून वावडं. "ब्रेक म्हणजे घाबरल्याची पावती," असं त्यांचं म्हणणं. गाडी थांबवायची ती गिअर उतरवत उतरवत, जमिनीला कळू न देता. त्यामुळे पोस्टापाशी उतरायचं असेल तर शाळेच्या कुंपणापाशीच ओरडून सांगावं लागे, आणि सांगायला उशीर झाला की माणूस सरळ मारुतीच्या देवळापुढे उतरून पोस्टापर्यंत उलटा चालत येई. पिंपरीला तेव्हा माळरानावर औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. तिथल्या मजुरांसाठी चाचा चाकणहून कांदे पोचवायचे. ती वाट ते इतक्या हळुवारपणे कापायचे की सायकलवरचे लोक मागून येऊन त्यांची चौकशी करून पुढे निघून जात.

या सगळ्या शास्त्राला गावात एकच पक्का विरोधक होता, तो म्हणजे आमचे बाबा. बाबा निवृत्त पोस्टमास्तर. हातात पुरावा आल्याशिवाय कशावर शिक्का मारायचा नाही, ही सवय त्यांची नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. काश्मीरात बर्फ पडतो हे त्यांना मान्य होतं, पण कमरेएवढ्या बर्फातून माणूस मोटार नेतो हे नव्हतं. रोज संध्याकाळी दोघांची खाटेवर जुंपायची. "अहो ड्रायव्हर, त्या साखळ्या विका आणि विहिरीला रहाट करा," बाबा म्हणायचे. "पोस्टसाहेब, तुम्ही एकदा गाडीत तर बसा," चाचा म्हणायचे. बाबा बसायचे नाहीत. "बसण्याआधी माझं वजन जोखायला मी काय कांद्याचं पोतं आहे?" म्हणायचे आणि पुण्याला एस.टी.ने जायचे. पण चाचा दोन दिवस गावाबाहेर गेले की बाबा जेवायला उशीर करत आणि दारातून उगाच शेडकडे बघत बसत. त्या भांडणावाचून त्यांचा दिवस मावळत नव्हता हे आम्हाला कळायचं, त्यांना कळत होतं की नाही देव जाणे.

एवढं बर्फ बर्फ करणाऱ्या चाचांनी बर्फातली एक हकिकत मात्र कुणाला सांगितली नव्हती. ती मला एका शुक्रवारी कळली. ते साखळ्यांना तेल लावत होते आणि मी सहज विचारलं, वजनाचा हा एवढा ध्यास कुठून लागला. चाचा बराच वेळ कडीमागून कडी पुसत राहिले. मग सांगितलं. वरच्या चौकीत त्यांचा जोडीदार पोटाला गोळी लागून पडला होता. लवकर जाऊन यावं म्हणून चाचांनी घाईत ट्रकमधला सगळा माल खाली टाकला आणि रिकामी गाडी हाणली. त्याला मागे निजवून परत येताना एका वळणावर मागची बाजू सुटली, ट्रक आडवा झाला आणि बर्फात बसला. दोन तास हलला नाही. "मी पुढून विचारायचो, कसा आहेस? तो मागून म्हणायचा, ठीक आहे. पुन्हा विचारायचो, ठीक आहे. मग एकदा विचारलं तर काही बोललाच नाही." चाचांनी साखळी खाली ठेवली. "ज्याला पोचवायला निघालो तो माझ्या गाडीत गेला, मास्तर. आता पुन्हा कुणी माझ्या गाडीत गेला ना, तर या हातांनी चाक धरणार नाही मी." त्यानंतर आम्ही या विषयावर कधी बोललो नाही.

पुढच्या चैत्रात, दुपारी तीनच्या सुमाराला, खेडच्या बाजूने आभाळ हिरवट काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. गारा आम्हाला नव्या नव्हत्या, पण अशा कुणी पाहिल्या नव्हत्या. लिंबाएवढ्या, आणि थांबायचं नाव नाही. अर्ध्या तासात घोट्याच्या वर थर साचला, रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते कळेना, आणि वारा असा की बाजाराच्या शेडचे पत्रे कागदासारखे उडाले. त्यातला एक पत्रा बाबांना लागला. ते शेठजींच्या गाळ्यात गप्पा मारायला गेले होते आणि वाऱ्याला घाबरून बाहेर पळालेल्या वासराला आत ओढायला म्हणून उंबऱ्याबाहेर आले होते. पत्र्याने मांडी वरपासून कापली. मी पोचलो तेव्हा गावच्या वैद्यांनी फेटा फाडून मांडीला आवळून बांधला होता आणि तरी रक्त येत होतं. "पुण्याला न्या," वैद्य म्हणाले, "आणि लगेच न्या. हे माझ्या हातचं न्हाई."

एस.टी. कुठे अडकली होती कुणाला ठाऊक नव्हतं. चाचांची मोटार दोनच मिनिटांत दारात आली. चाचा खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि मागच्या चाकांवर साखळ्या चढवू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते खाली चाकाशी झटत असताना वर हौद्यात चार जवान हमाल चढले आणि त्यांनी जमेल तेवढी मदत केली. बाबांसाठी गवत पसरलं, त्यावर घोंगडी घातली, आणि वाळूची दोन्ही पोती उचलून गटारात फेकून दिली. आमच्याकडे गाडी चिखलात रुतली की पहिलं काम काय, तर ओझं उतरवायचं. बैलाला सोपं जातं. पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेली माणसं, त्यांनी जीव तोडून तेच केलं.

बाबांना निजवलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, आणि गाडी निघाली. वेशीच्या वळणावर पोचलो आणि मागची बाजू हळूच बाजूला सरकली. जोर नाही, आवाज नाही, नुसती सरकत गेली आणि वेशीच्या दगडाला टेकली. चाचांनी इंजिन बंद केलं नाही. खाली उतरले, मागे आले, हौद्यात पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पोती कुणी काढली?"

मागून पळत आलेल्या हमालांतला थोरला पुढे झाला. "आमी काढली चाचा. वज्जं कमी केलं. गाडी पळंल म्हनून."

मला वाटलं चाचा आता त्याला मारतात. त्यांनी फक्त डोळे मिटले, उघडले. पोती गटारात फुटून वाळू वाहून गेली होती, ती आणायला वेळ नव्हता. "मग आता तुम्हीच चढा," ते म्हणाले. "चौघंही. आणि शेठजींना आणा." शेठजी आधीच आले होते, अनवाणी, गारांतून धापा टाकत. त्यांना कुणी हात द्यायची वाट न बघता ते वर चढले आणि बरोबर मागच्या आसावर, पाय पोटाशी घेऊन बसले. हमाल त्यांच्याभोवती. चाचांचा आवाज एकदम पलटणीतला झाला. "उतारावर कुणी हलायचं नाही. श्वास घ्यायचा तोही हळू."

मी आयुष्यात नंतर पुष्कळ मोटारींतून गेलो, पण गाडी चालवणं म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. कुरुळीच्या पुढेही सगळं पांढरंच होतं. चिंबळीनंतर इंद्रायणीकडे रस्ता उतरतो, त्या उताराच्या तोंडाशी गाडी जवळजवळ उभी राहिली आणि मग आपल्याच वजनाने, दुसऱ्या गिअरमध्ये, एकेक बोट खाली सरकू लागली. मधेच मागची बाजू पुन्हा सुटायला लागली. मी बाबांचं डोकं घट्ट धरलं. चाचांनी ब्रेकला पाय लावला नाही, मागचं अंग ज्या बाजूला निघालं त्याच बाजूला चाक थोडंसं वळवलं, आणि गाडी समजूत घातल्यासारखी सरळ झाली. शेठजींच्या तोंडून देवाचं नाव निघालं तेही अगदी हळू.

तेव्हा बाबांनी डोळे उघडले. मान कलती करून त्यांनी फळ्यांच्या फटीतून बाहेर पाहिलं. दोन्हीकडे शेतं पांढरी, बाभळी पांढऱ्या, वर ऊन आलेलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अहो ड्रायव्हर, हे असं असतं होय?"

पुढून आवाज आला, "याच्याहून पांढरं, पोस्टसाहेब."

"मानलं," बाबा म्हणाले.

पुढे चाचांचे खांदे एकदा हलले. गाडी पूल ओलांडून मोशीला लागली आणि तिथे एक गारदेखील पडलेली नव्हती. धूळ उडत होती, एक बाई रस्त्याकडेला शेणी थापत होती. कोरड्या रस्त्यावर साखळ्या तुटतात, त्या काढणं भाग होतं. चाचा उतरले आणि चाकाखाली शिरले. खालून साखळीचा खळखळाट येत होता तेव्हाच बाबांचा हात माझ्या हातात जड झाला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शेठजींनीही पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली. हमालांनी माना खाली घातल्या.

चाचा हात पुसत उभे राहिले. "काय म्हणतात पोस्टसाहेब?"

शेठजींनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. माझ्या डोळ्यांपुढे तो साखळ्यांचा शुक्रवार उभा राहिला, आणि चाचांचे ते दोन हात. पण आवाज माझा सरळ आला. "डोळा लागलाय त्यांचा," मी म्हणालो, "सावकाश चला." थोरला हमाल लगेच म्हणाला, "व्हय चाचा, झोपल्यात. दमल्यात."

चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन चाक धरलं. भोसरी, कासारवाडी, दापोडी. त्या वाटेवर त्यांनी एक खड्डा लागू दिला नाही. इस्पितळाच्या दारात मी आधी उडी मारून आत धावलो आणि डॉक्टरांच्या हातापाया पडून सगळं सांगितलं. डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि स्ट्रेचर आणून बाबांना घाईघाईने आत नेलं. पाव तासाने बाहेर येऊन त्यांनी चाचांच्या देखत मला सांगितलं की फार उशीर झाला होता, आत आणल्यावर गेले. चाचा पिंपळाच्या पाराला टेकून उभे होते. "पोचवलं होतं आपण, मास्तर," ते म्हणाले. मी हो म्हणालो आणि मग मला रडू आवरलं नाही.

ज्या गावात सकाळी कुणाच्या घरी काय शिजलं हे दुपारी वेशीपर्यंत जायचं, त्या गावाने ही एक गोष्ट चाचांपर्यंत जाऊ दिली नाही. शेठजींनी घरी सांगितलं नाही, हमालांनी दारू पिऊनही तोंड उघडलं नाही. चाचांची मोटार पुढे तीन वर्षं चालली. खेडचा एक साप चावलेला माणूस त्यांनी पोचवला, दोन अडलेल्या बाया पोचवल्या, आणि तिघंही वाचली. मग त्यांची नजर अधू झाली. दौंडला लेकीकडे जायचं ठरलं. गाडी भोसरीच्या एकाने नेली. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो तेव्हा ते रिकाम्या जागेत खाट टाकून बसले होते. मला शेजारी बसवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, मोशीत तुम्ही मला सावकाश चला म्हणालात."

मी साखळ्यांच्या खिळ्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं ड्रायव्हरी केली. ज्याचा बाप मागे जिवंत असतो, तो ड्रायव्हरला सावकाश चला कधी म्हणत नाही."

मी कसाबसा म्हणालो, "चाचा, मग तुम्ही चाक सोडलं का नाही?"

"सोडणारच होतो. तिथेच, मोशीत." ते हसले नाहीत, पण आवाज मऊ झाला. "पण मागे सहा माणसं एका माणसाच्या हातांसाठी खोटं बोलत होती. हात कसे काढून घेणार?"

बाबा गेले तेव्हा मी लोकांसमोर रडलो होतो, पण त्या दुपारी चाचांच्या खांद्यावर डोकं ठेवून जितका रडलो तितका नाही. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, अगदी हळू. बाहेर बाजार भरला होता आणि कुणीतरी कांद्याचा भाव मोठ्याने पुकारत होतं.